सहा घोडे, दहा घोडे

शाळेत बीजगणिताच्या तासाला आम्हाला एक मंत्र मिळाला होता: पक्षांतर केलं की चिन्ह बदलतं. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही वर्गात हे वाक्य उच्चारलं तर मुलं खो खो हसतील. आम्ही मात्र ते निमूट पाठ केलं. अधिक सात पलीकडे गेला की उणे सात का होतो, हे आम्ही विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. पुढे भास्कराचार्यांचं ‘बीजगणित’ चाळताना घोड्यांचा एक प्रश्न भेटला, तेव्हा कुठे गाठ सुटली.

भास्कराचार्य १११४ साली जन्मले. ‘सिद्धान्तशिरोमणी’ त्यांनी ११५० मध्ये, म्हणजे छत्तिसाव्या वर्षी रचला; ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. तो उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी.

तर तो प्रश्न. एकाजवळ ६ घोडे आणि रोख ३००. दुसऱ्याजवळ १० घोडे, पण डोक्यावर १०० चं कर्ज. सगळे घोडे एकाच किमतीचे आणि दोघांची मालमत्ताही सारखी. एक घोडा केवढ्याला?

आपण ‘क्ष मानू’ म्हणतो. भास्कराचार्य ‘यावत्तावत्’ म्हणतात, म्हणजे जेवढं असेल तेवढं. लिहिताना नुसतं ‘या’. अज्ञात राशी वाढल्या की कालक, नीलक, पीतक असे रंग येतात. ज्ञात संख्येला ‘रू’, म्हणजे रूप. बरोबरचं चिन्ह नाही, दोन्ही पक्ष एकाखाली एक मांडायचे:

या ६ रू ३००
या १० रू १००

खालच्या १०० च्या माथ्यावर एक टिंब, कारण ते ऋण आहे. कर्ज आणि उणे संख्या, दोन्हींना शब्द एकच!

आता समशोधन. दोघांकडूनही सहा-सहा घोडे काढून घ्या. सारख्यातून सारखं गेलं, उरलं ते सारखंच. पहिल्याकडे राहिले ३००. दुसऱ्याकडे ४ घोडे आणि ते कर्ज. मग दोघांनाही शंभर-शंभर द्या. दुसऱ्याचं कर्ज फिटलं, पहिल्याकडे झाले ४००. चार घोड्यांचे चारशे, एकाचे शंभर. पक्षांतर कुणी केलंच नव्हतं. दोन्हीकडे सारखेच शंभर आले आणि आम्हाला वाटत राहिलं की कर्जाने पलीकडे उडी मारून टोपी बदलली.

हाच प्रश्न आलेखाच्या कागदावर आणखी खुलतो. घोडा फुकट असता तर पहिला ४०० ने पुढे असता. किंमत एका रुपयाने चढली की पहिल्याची मालमत्ता ६ ने वाढते, दुसऱ्याची १० ने. म्हणजे अंतर रुपयामागे ४ ने तुटतं. पहिल्या रुपयाला ४, नव्वदाव्यालाही ४. रेषीय म्हणायचं ते यालाच, आणि पाठ्यपुस्तकातला ‘चढ’ म्हणजे हे ६ आणि १०. हा दर हाती असेल तर अंदाजही वाया जात नाही. किंमत ५० धरा: एकाचे ६००, दुसऱ्याचे ४००, तफावत २००. चाराने भागा, अजून ५० हवेत. दोघांकडे सहा-सहाच घोडे असते तर मात्र रेषा समांतर धावल्या असत्या आणि तफावत कुठल्याच बाजारभावाने मिटली नसती.

भास्कराचार्य एवढ्यावर थांबत नाहीत. पहिल्याच्या निम्म्या मालमत्तेत २ मिळवले की दुसऱ्याची होत असेल तर? घोडा ३६ ला. पहिल्याची मालमत्ता दुसऱ्याच्या तिप्पट असेल तर? २५ ला. १००, ३६, २५: तिन्ही पूर्ण वर्ग. हा योगायोग की आचार्यांची खोडी, यावर मी बरेच कागद खराब केले आहेत.