चौसाळ्याच्या आभाळातली उतरण

हलके बिझनेस जेट म्हणजे दोन टर्बोफॅन इंजिनांचे, चार ते नऊ प्रवासी नेणारे छोटे विमान. सेस्ना सायटेशन मालिकेतली सीजे विमाने, एम्ब्राएरची फेनॉम १०० आणि फेनॉम ३०० ही या वर्गातली ठळक नावे. त्यांचा पूर्वज म्हणजे अमेरिकेतल्या बिल लिअर यांचे लिअरजेट २३. ते ७ ऑक्टोबर १९६३ रोजी पहिल्यांदा उडाले. त्याच्या पंखांची आखणी पी-१६ या स्विस लढाऊ विमानावरून घेतलेली होती, आणि वेगाबरोबर त्या वंशाचा कडक स्वभावही त्यात उतरला होता. सेस्नाने वेगळी वाट धरली. १५ सप्टेंबर १९६९ रोजी पहिले उड्डाण केलेल्या सायटेशनचे पंख सरळ होते. वेग कमी, पण कमी वेगातही विमान शांत राहणारे आणि आखूड धावपट्टीवर उतरणारे. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या छोट्या धावपट्ट्यांवर आज जेट उतरू शकते, त्यामागे ही दुसरी वाट आहे.

पुढच्या वर्णनासाठी सीजे-२ प्लस हे विमान धरले आहे. त्याचे उड्डाणावेळचे कमाल वजन ५,६७० किलो, म्हणजे भरलेल्या मध्यम ट्रकपेक्षाही कमी. प्रत्येक इंजिनाचा जोर सुमारे २,४९० पौंड आणि उंचीची मर्यादा ४५,००० फूट. ते एकट्या वैमानिकानेही उडवता येईल असे प्रमाणित आहे. तरी भारतात भाड्याच्या उड्डाणांत कॉकपिटमध्ये दोघे बसतात आणि ते योग्यच आहे. एक जण विमान उडवतो. दुसरा रेडिओ सांभाळतो, चेकलिस्ट वाचतो आणि पहिल्याच्या प्रत्येक कृतीवर लक्ष ठेवतो. यातले दुसरे काम दुय्यम नाही. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना किमान २०० तासांच्या उड्डाणानंतर मिळतो, पण तेवढ्यावर जेट हाती येत नाही. प्रत्येक प्रकारच्या जेटसाठी स्वतंत्र टाइप रेटिंग लागते. त्याचा मोठा भाग सिम्युलेटरवर होतो, कारण इंजिन बंद पडणे किंवा केबिनमधला दाब जाणे हे प्रसंग खऱ्या विमानात वारंवार घडवून शिकवता येत नाहीत.

मार्ग मुंबई ते लातूर असा घेऊ. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ३८५ किलोमीटर, म्हणजे २०८ सागरी मैल. नकाशावर ही रेषा आखली तर ती सह्याद्री ओलांडून, भीमेचे खोरे आणि जामखेडचा परिसर मागे टाकत बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्याच्या थोडी दक्षिणेकडून जाते. बीड जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. चौसाळ्यापासून सरळ रेषेत लातूरची धावपट्टी सुमारे ८५ किलोमीटरवर आणि छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा सुमारे १३० किलोमीटरवर. चौसाळ्याच्या वाट्याला येते ते फक्त वरून जाणारे विमान. पण त्या जागी कॉकपिटमध्ये जे चालू असते, तो या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

कामाची सुरुवात जमिनीवर होते. हवामानाचे ताजे अहवाल, धावपट्ट्यांबाबतच्या सूचना, वजनाचा आणि तोलाचा तक्ता, मद्यचाचणी हे सगळे आधी. मग इंधनाचा हिशेब. लातूरपर्यंतचे इंधन, त्यावर अनपेक्षित खर्चासाठीची भर, लातूरला उतरता आले नाही तर पर्यायी विमानतळापर्यंतचे इंधन आणि तिथे पोहोचल्यावरही अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढा शेवटचा साठा. पर्याय म्हणून चिकलठाणा घेतले तर लातूरहून ते सुमारे १९५ किलोमीटर, हैदराबाद सुमारे २४५ किलोमीटर. या विमानाच्या टाक्यांत पावणेदोन टनांच्या आसपास इंधन मावते. एवढ्या छोट्या प्रवासाला ते भरपूर वाटते, पण परतीचे इंधनही बरोबर न्यायचे असेल तर उतरताना विमान जड असणार, आणि जड विमानाला जास्त धावपट्टी लागते. प्रत्येक आकडा असा दुसऱ्या आकड्याला बांधलेला असतो.

इंजिन सुरू करताना डोळे एकाच आकड्यावर खिळलेले असतात: टर्बाइनच्या तापमानावर. बटण दाबले की बॅटरीच्या जोरावर इंजिनाचा गाभा फिरू लागतो, तो ठरावीक गतीला आला की इंधन सोडले जाते, ते आत पेट घेते आणि तापमान झपाट्याने चढते. ते मर्यादेकडे धावू लागले तर इंधन तत्काळ तोडायचे. काही सेकंदांचा उशीर इंजिनाला कायमची इजा करतो. मे महिन्याच्या दुपारी, शेपटीकडून वारा येत असताना ही काळजी दुप्पट असते.

उड्डाणाआधी कॅप्टन ब्रीफिंग देतो. त्यात तीन वेग असतात. पहिला निर्णयाचा, व्ही-वन. त्याआधी काही बिघडले तर थांबायचे. तो ओलांडल्यावर एक इंजिन गेले तरी उडायचेच, कारण पुढे थांबायला धावपट्टी उरलेली नसते. दुसरा वेग नाक उचलण्याचा. तिसरा, एका इंजिनावर सुरक्षित चढण्याचा. हे वेग साधारण ११० नॉटच्या, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या आसपास असतात आणि एकमेकांपासून काही नॉटांवर. थ्रॉटल पुढे सारल्यापासून नाक उचलेपर्यंत अर्धा मिनिटही जात नाही. म्हणून थांबायचे की उडायचे हा विचार धावताना करायचा नसतो; तो ब्रीफिंगमध्येच झालेला असतो. व्ही-वनची हाक आली की कॅप्टनचा हात थ्रॉटलवरून काढला जातो. ही छोटी हालचाल मुद्दाम ठेवलेली आहे, हाताला मोहच होऊ नये म्हणून.

चाके आत, फ्लॅप आत, आणि विमान झपाट्याने चढू लागते. नवख्या वैमानिकाला जेटचा पहिला धक्का इथेच बसतो. पिस्टन इंजिनाच्या प्रशिक्षण विमानात दहा मिनिटांत जेवढे घडते, ते इथे दोन मिनिटांत घडते. दहा हजार फुटांखाली २५० नॉटची मर्यादा पाळायची, हवाई वाहतूक नियंत्रकाने (एटीसी) दिलेल्या दिशा आणि उंच्या परत म्हणून दाखवायच्या, ठरावीक उंची ओलांडली की अल्टिमीटर १०१३ हेक्टोपास्कलवर लावायचा. त्याच वेळी केबिनमधला दाब बाहेरच्या दाबापासून वेगळा होऊ लागतो. ४५,००० फुटांवरही केबिनमध्ये ८,००० फुटांवर असावी तेवढी हवा राहते. पण हा दाब गेला तर ४०,००० फुटांवर माणूस शुद्धीवर राहून काम करू शकतो तो १५-२० सेकंद. त्यामुळे अशा प्रसंगी पहिली कृती एकच: ऑक्सिजनचा मुखवटा. कारण शोधणे, रेडिओ, प्रवाशांना सूचना, सगळे नंतर. मुखवटा चढला की विमान १०,००० फुटांकडे खाली घ्यायचे.

मुंबई–लातूरसारख्या मार्गावर ४५,००० फुटांची गरज पडत नाही. पूर्वेकडे जाताना २७,००० फुटांची पातळी पुरते. पश्चिमेकडे समुद्रावर उड्डाण करून वळण्यात जाणारा वेळ सोडला, तर खेड–मंचरच्या आसपास विमान त्या उंचीला आलेले असते. तिथे त्याचा वेग सुमारे ४०० नॉट, म्हणजे दर मिनिटाला १२ किलोमीटर. आणि जामखेडच्या अलीकडेच उतरण सुरू करायची असते. सपाट उड्डाण होते जेमतेम दहा-अकरा मिनिटांचे! महाराष्ट्रातल्या छोट्या मार्गांवर जेट उडवणे म्हणजे चढणे आणि उतरणे; मधला निवांतपणा जवळजवळ नाही. ऑटोपायलट विमान सरळ ठेवतो, पण त्या दहा मिनिटांत लातूरचे हवामान घ्यायचे, उतरण्याचे वजन काढायचे, त्यावरून वेग ठरवायचे आणि संपूर्ण अप्रोचचे ब्रीफिंग उरकायचे असते.

उतरण कुठून सुरू करायची याचे गणित तोंडी करता येते. दर हजार फुटांना तीन सागरी मैल. लातूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून थोडी अधिक उंचीवर आहे, तेव्हा घिरटीची उंची ३,५०० फूट धरू. २७,००० मधून ३,५०० वजा केले, राहिले २३,५००. तिनाने गुणले की सुमारे ७० सागरी मैल. वेग कमी करायला आणखी पाच-सहा. म्हणजे लातूरच्या १४० किलोमीटर आधी थ्रॉटल मागे घ्यायचे. जेट इतके गुळगुळीत असते की ते एकाच वेळी खाली येणे आणि मंदावणे सहजासहजी स्वीकारत नाही. मांजरसुंब्याचा घाट उतरणारा उसाचा ट्रक गिअर घाटाच्या माथ्यावरच बदलतो, मध्यावर नाही. इथेही तोच नियम आहे. उशिरा सुरू केलेली उतरण शेवटी वेगाच्या रूपाने धावपट्टीवर हजर होते.

चौसाळ्याच्या दक्षिणेला येईपर्यंत विमान १६-१७ हजार फुटांवर आलेले असते. बालाघाटच्या पठारापासून ते चार किलोमीटरहून अधिक वर असते. इंजिने आयडलच्या, म्हणजे किमान जोराच्या, जवळ असल्याने खाली आवाज फारसा पोहोचत नाही. वरून बीडहून चौसाळ्यामार्गे धाराशिवकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ बारीक रेघेसारखा दिसतो आणि थोड्याच वेळात डाव्या हाताला लातूरची तहान भागवणारा मांजरा धरणाचा जलाशय. पावसाळ्यात मात्र यातले काही दिसत नाही. महाराष्ट्रावर त्या दिवसांत गोठणबिंदू साधारण याच उंचीवर असतो आणि ढगांत शिरलेल्या विमानावर बर्फ धरू शकतो. पंखांच्या पुढच्या कडांना इंजिनातली गरम हवा देऊन आणि शेपटीवरच्या रबरी पट्ट्या फुगवून तो काढला जातो. वळिवाचे ढग हा वेगळा विषय. एप्रिल-मेच्या दुपारी मराठवाड्यावर उभे राहणारे गडगडाटी ढग या विमानाच्या कमाल उंचीच्याही वर जाऊ शकतात. त्यांच्यावरून जाण्याचा विचार करायचा नसतो. रडारवर लाल दिसणाऱ्या भागापासून वीसेक मैल लांब वळसा घालायचा.

खाली येताना अल्टिमीटर पुन्हा स्थानिक दाबावर लावायचा असतो. ही कृती किरकोळ दिसते. पण लातूरचा दाब १००५ असताना अल्टिमीटर १०१३ वरच राहिला, तर तो खऱ्यापेक्षा सव्वादोनशे फूट जास्त उंची दाखवतो. जमीन दिसत नसताना एवढा फरक जीवघेणा ठरतो. म्हणून हा आकडा एक जण लावतो आणि दुसरा तपासतो.

मोठ्या विमानतळावर शेवटच्या दहा मैलांत रेडिओलहरी विमानाला धावपट्टीच्या रेषेत आणि तीन अंशांच्या उतारावर आणून सोडतात. राज्यातल्या अनेक छोट्या धावपट्ट्यांवर ही सोय नाही. तिथे वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी शोधावी लागते, आणि नजरेच्या भरवशावर उडण्यासाठी सर्वसाधारणपणे किमान पाच किलोमीटर दृश्यमानता लागते. हिवाळ्याच्या सकाळी नदीकाठचे धुके आणि उसाच्या फडातला धूर मिळून ती सहज कमी करतात. वरून सरळ खाली पाहिले तर गाव, रस्ता, विहीर सगळे स्पष्ट दिसते. समोर तिरपे पाहिले की तेच धुके भिंत होते. छोट्या धावपट्टीवर उतरण्यातला खरा धोका या फरकात आहे.

शेवटच्या टप्प्याचा नियम कडक आहे. जमिनीपासून १,००० फुटांवर, आणि स्वच्छ हवेत फार तर ५०० फुटांवर, चाके खाली, फ्लॅप पूर्ण, वेग ठरलेला आणि विमान रेषेत हवे. ११० नॉटला मिनिटाला साधारण ५५० फूट उतरायचे. यातले एकही बसले नाही तर गो-अराउंड: पूर्ण जोर, नाक वर, फ्लॅप एक टप्पा आत, विमान चढतेय याची खात्री झाल्यावर चाके आत. मागे बसलेल्या माणसाला सभा असो की शस्त्रक्रिया, त्याची घाई कॉकपिटच्या दारापर्यंतच यायला हवी. गो-अराउंड ही चूक मानली जाऊ नये. ते नेहमीच्या कामातले एक काम आहे. १४ सप्टेंबर २०२३ रोजी विशाखापट्टणमहून आलेले लिअरजेट ४५ मुंबईत मुसळधार पावसात उतरताना धावपट्टीबाहेर जाऊन मोडले, तेव्हा दृश्यमानता ७०० मीटरच्या आसपास होती. विमानातले आठही जण वाचले. मुंबईसारख्या सर्व सोयी असलेल्या ठिकाणी पाऊस हे करू शकतो.

टेकण्याआधी विमान धावपट्टीच्या तोंडावर ५० फुटांवर असावे आणि थ्रॉटल मागे यावेत. दहा नॉट जास्त वेग आणला तर विमान तरंगत राहते आणि मागची धावपट्टी वाया जाते. या वर्गातल्या अनेक जेटना इंजिनाचा झोत उलटवून थांबण्याची सोय नसते. भिस्त ब्रेकवर आणि पंखांवरच्या पट्ट्यांवर. कोरड्या धावपट्टीवर सीजे-२ प्लसला थांबायला सुमारे ९०० मीटर लागतात. भाड्याच्या उड्डाणाला हे अंतर उपलब्ध धावपट्टीच्या ६० टक्क्यांत बसावे लागते, म्हणजे १,५०० मीटर हवेत. पावसात त्यावर आणखी १५ टक्के, म्हणजे १,७२५. उन्हाळ्यात एखाद्या धावपट्टीवर बसणारे विमान पावसाळ्यात तिथेच अडते.

विमान थांबले तरी इंजिने लगेच बंद करत नाहीत. टर्बाइन थंड व्हायला काही मिनिटे आयडलवर ठेवतात. मग परतीचे गणित सुरू होते, आणि मे महिन्यात ते येतानापेक्षा कठीण असते. दुपारी ४२ अंश तापमान असेल तर लातूरची हवा इतकी विरळ झालेली असते की इंजिने आणि पंख साडेपाच-सहा हजार फुटांवर असल्यासारखे वागतात. जोर घटतो, नाक उचलायला लागणारी धाव वाढते आणि एका इंजिनावर चढण्याची क्षमता आकसते. अशा वेळी वैमानिकापुढे तीनच वाटा राहतात: इंधन कमी घेऊन वाटेत दुसरीकडे भरणे, एक-दोन प्रवासी किंवा सामान मागे ठेवणे, नाहीतर ऊन उतरेपर्यंत थांबणे. थांबायचे ठरले तर सूर्यास्ताची वेळही पाहावी लागते, कारण रात्रीचे दिवे सगळ्याच छोट्या धावपट्ट्यांवर नसतात.