गाडी सुटण्याआधी श्वास

संत नामदेवांचे जन्मगाव मानल्या जाणाऱ्या नरसी नामदेवात एखादे बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मले आणि कण्हत धापा टाकू लागले, की घरच्यांची पहिली धावपळ गाडीसाठी होते. आधी हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय, गरज पडली तर पुढे नांदेडचे वैद्यकीय महाविद्यालय. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजाताची ने-आण मोफत आहे, 2014 पासून 108 ची गाडीही आहे. म्हणजे वाहनाचा प्रश्न बराच सुटला. वाटेतल्या श्वासाचा उरला. ऑगस्ट 1963 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा तातडीने बोस्टनला हलवला गेला, तरी 39 तासांत दगावला. गाडी होती, रुग्णालय होते. त्या फुप्फुसांना आधार देणारे साधन तेव्हा नव्हते.

अशा बाळांच्या फुप्फुसात सरफॅक्टंट नावाचे द्रव्य कमी असते. त्यामुळे हवेच्या बारीक पिशव्या प्रत्येक उच्छ्वासाला मिटतात आणि त्या पुन्हा उघडताना बाळ दमून जाते. नाकाशी नुसता ऑक्सिजन धरून त्या उघड्या राहत नाहीत. उलट तो अती झाला तर डोळ्यांच्या पडद्याला इजा होते. 1971 मध्ये जॉर्ज ग्रेगरी यांनी सतत सौम्य दाबाने हवा देऊन पिशव्या उघड्या ठेवता येतात, हे दाखवले. हाच सीपॅप. बबल सीपॅपमध्ये नळीचे टोक पाण्यात जितके खोल, तितका दाब. तो रुग्णालयात लावला आणि गाडीत चढवताना काढला, तर कमावलेले तिथेच जाते. बंगळुरूत तयार झालेले ‘सांस’ हे उपकरण म्हणूनच प्रवासाचा विचार करून घडवले आहे. वीज नसली तर ते हातानेही चालवता येते.

‘जीव जात असताना यंत्रे लावत बसायचे का?’ हा आक्षेप रास्त वाटतो. पण गार पडलेले, निळसर बाळ घेऊन भरधाव निघाल्याने वाचलेली मिनिटे वाटेतच खर्ची पडतात. ‘एवढे कौशल्य खेड्यात कुठून आणायचे?’ याला गडचिरोलीने उत्तर दिले आहे. डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजाताची काळजी घ्यायला शिकवले. 1999 च्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटलेला दिसला. सीपॅप हे त्यापुढचे काम, ते प्रशिक्षित हातांनीच करावे. आणि जे बाळ स्वतः श्वासच घेत नाही, त्याला तो पुरणारही नाही. जोखीम आधी कळली तर आईलाच प्रसूतीपूर्वी हलवणे सर्वांत सुरक्षित. मात्र बाळ हलवावेच लागले, तर गाडी किती मिनिटांत आली एवढेच नोंदवून भागणार नाही. पोहोचताना त्याचे अंग किती गरम होते आणि रक्तात ऑक्सिजन किती होता, हेही वहीत चढायला हवे.