दोन मिनिटांचा विमानप्रवास

विमानप्रवास म्हटला की दूरचे देश आणि काही तासांचे उड्डाण डोळ्यांसमोर येते. तथापि जगातील सर्वांत कमी अंतराची नियमित विमानसेवा केवळ २.७ किलोमीटरची आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहातील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांना ती जोडते. हे अंतर मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीच्या लांबीहूनही कमी आहे. लोगनएअर या कंपनीने १९६७ मध्ये ही सेवा सुरू केली.

वेळापत्रकात या उड्डाणासाठी दोन मिनिटे दिलेली असतात. त्या हिशेबाने विमानाची सरासरी गती ताशी ८१ किलोमीटर भरते. प्रत्यक्षात तेथे वापरले जाणारे छोटेखानी आयलँडर विमान याच्या सुमारे तिप्पट वेगाने उडू शकते. मग वेळ जातो कोठे? विमानाला शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उड्डाण करावे आणि उतरावे लागते. ती दिशा गंतव्य स्थानाचीच असेल असे नाही. त्यामुळे वळण घ्यावे लागते. वारा अनुकूल असताना हेच अंतर ५३ सेकंदांत पार केल्याचा विक्रम आहे.

यातून एक महत्त्वाचे सूत्र हाती येते. अंतर निम्मे झाले म्हणून वेळ किंवा खर्च निम्मा होत नाही. उड्डाण व अवतरण यांचा भार लांबच्या प्रवासात अनेक किलोमीटरांवर विभागला जातो. आखूड प्रवासात तोच जवळजवळ संपूर्ण खर्च ठरतो. लहान रकमेच्या कर्जखात्यासही मोठ्या खात्याइतकेच कागदपत्रांचे सोपस्कार करावे लागतात, हे बँकेत काम करणाऱ्यांस ठाऊक आहेच.

असे असताना ही सेवा चालते कशी? पापा वेस्ट्रेची लोकसंख्या शंभराच्या आत आहे. दोन बेटांदरम्यान प्रवासी नौका आहे, पण समुद्र खवळला की तिचा भरवसा उरत नाही. शिक्षक, डॉक्टर आणि रुग्ण यांचे दैनंदिन व्यवहार या विमानावर अवलंबून आहेत. म्हणूनच स्थानिक परिषद सार्वजनिक निधीतून या सेवेला साहाय्य करते. २०१६ मध्ये या मार्गावरील दहा लाखाव्या प्रवासी ठरल्या त्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या एक महिला कर्मचारी. बेटांवरील ग्राहकांना सेवा देण्यासाठी त्यांनी सुमारे दहा हजार वेळा विमानप्रवास केला होता.

भारतातील 'उडान' योजनेमागेही हाच विचार आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी तिचा प्रारंभ झाला, तेव्हा शिमला-दिल्ली मार्गाबरोबर हैदराबाद-नांदेड मार्गही सुरू झाला. सुमारे ५०० किलोमीटरच्या, म्हणजे तासाभराच्या प्रवासासाठी ठरावीक आसनांचे भाडे त्या वेळी २,५०० रुपयांपर्यंत मर्यादित करण्यात आले आणि कंपनीची तूट अनुदानाने भरून काढण्याची तरतूद झाली.

केवळ किलोमीटरचा हिशेब मांडला, तर वेस्ट्रेचे विमान कधीच उडाले नसते. पलीकडच्या बेटावर वाट पाहणारा रुग्ण किंवा खातेदार हिशेबात धरला, की ती दोन मिनिटे महाग वाटत नाहीत.