भरती-आवाहन
भरती-आवाहन : नोकरी शोधणाऱ्यांनी आपल्याकडे अर्ज करावेत, या हेतूने मालक, शासकीय खाती वा सैन्यदले जाहिरात, भित्तिपत्रक, मेळावा इ. मार्गांनी जो मजकूर प्रसृत करतात, त्यास भरती-आवाहन म्हणतात. पद, पात्रता, वेतन व मुदत कळविणारी ही एक साधी सूचना, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि वाचणारा तीत आपल्या एखाद्या मानसिक गरजेची पूर्ती शोधत असतो व जाणता मालक नेमकी तीच गरज हेरून शब्दयोजना करतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एब्राहम मॅस्लो याने १९४३ मध्ये मानवी गरजांची शारीरिक, सुरक्षितता, आपलेपणा, प्रतिष्ठा व आत्माविष्कार अशी चढती मांडणी केली. हा क्रम काटेकोर असल्याचे पुढील संशोधनात आढळले नाही. वर्गीकरण म्हणून मात्र तो उपयुक्त आहे.

पोटाच्या गरजेबरोबरच, किंबहुना तिच्याही पुढे, प्रतिष्ठेची गरज कशी उभी राहते, याचे ठळक उदाहरण महार समाजाच्या सैन्यभरतीचे होय. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ‘लढाऊ जाती’च्या सिद्धांतामुळे त्यांची भरती बंद पडली. तीविरुद्ध गोपाळ बाबा वलंगकर व पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. या अर्जांमागे केवळ वेतनाची अपेक्षा नव्हती. गावगाड्याने नाकारलेला मान गणवेशात मिळत असे, ही जाणीव होती. पहिल्या महायुद्धात मनुष्यबळ हवे होताच १९१७ मध्ये ‘१११ वी महार’ ही पलटण उभारण्यात आली व गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडली. त्यामुळे १९४१ मध्ये नव्याने आवाहन करताना केवळ पगार सांगून भागण्यासारखे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तरुणांना सैन्यात जाण्याचा आग्रह केला. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली व त्यानंतर विदर्भात कामठी येथे दुसरी बटालियन उभी राहिली. तिच्या आरंभीच्या टोपीचिन्हावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. समाजाचे नाव व त्याची स्मृती दोन्ही त्या बिल्ल्यावर आली. कोणत्याही भित्तिपत्रकाला ते साधले नसते.

सुरक्षिततेची गरज वर्धा जिल्ह्यातील आष्टीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी सहज ध्यानात येते. कापूस व संत्री यांवर, म्हणजे पर्यायाने पाऊस व बाजारभाव यांवर, जेथे घर चालते, तेथे शासकीय जाहिरातीस विशेषणांची जरूरी नसते; वेतनश्रेणीचा आकडाच पुरेसे बोलतो. निवृत्तिवेतन हा अशा आवाहनाचा न लिहिलेला गाभा. महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ पासूनच्या नेमणुकांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू ठेवली नाही. तिच्या मागणीसाठी मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला. केंद्र शासनाने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या ‘अग्निपथ’ योजनेत चार वर्षांची सेवा व त्यानंतर कमाल पंचवीस टक्के जवानांना कायम करण्याची तरतूद होती. देशसेवेच्या अभिमानाचे आवाहन पूर्ववत असूनही अनेक राज्यांत तरुणांनी निदर्शने केली, ती मुख्यतः याच बाबीवरून.

आवाहन जसे बोलाविते, तसे परतवितेही. १९७४ च्या सुमारास टेल्को कंपनीच्या अभियंतापदांच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये, असे म्हटले होते. सुधा कुलकर्णी (पुढे मूर्ती) यांनी त्याबद्दल जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले; त्यांना मुलाखतीस बोलावून पुण्यात नेमण्यात आले. उघड बंदी नसली, तरी शब्दांची ठेवणही हे काम करते. ‘वर्चस्व’, ‘स्पर्धा’ यांसारख्या पुरुषी समजल्या जाणाऱ्या शब्दांनी भरलेली जाहिरात स्त्रियांना कमी आकर्षक वाटते, असे गॉशर, फ्रीझन व के यांनी २०११ मध्ये दाखविले.

जाहिरातीने जागविलेली अपेक्षा नेमणुकीनंतरही टिकून राहते. कर्मचाऱ्याच्या मनातील अशा अलिखित देण्याघेण्यास डेनिस रूसो हिने १९८९ मध्ये ‘मानसशास्त्रीय करार’ या संकल्पनेखाली विवेचिले आहे. तो मोडल्याची भावना वेतन वेळेवर मिळूनही होऊ शकते. यावर उपाय म्हणून कामाचे कष्टप्रद अंगही आधीच सांगण्याची पद्धत पुढे आली. जॉन वॅनस याने १९७३ मध्ये दूरध्वनी-चालक पदाच्या उमेदवार स्त्रियांपैकी काहींना नेहमीची आकर्षक चित्रफीत व काहींना कामाचा कंटाळवाणेपणा, त्यावरील कडक देखरेख यांसह खरे चित्र दाखविणारी चित्रफीत दाखविली. नोकरी स्वीकारण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत विशेष फरक पडला नाही. मात्र दुसऱ्या गटातील स्त्रियांच्या मनात नोकरी सोडण्याचे विचार कमी आले.