‘रेफर’ लिहिण्याआधी

मेळघाटातल्या ग्रामीण रुग्णालयात तान्ह्या बाळाचं झबलं वर केलं की डॉक्टर आधी छाती बघतो, मग पोट. छाती बघायची ती श्वास मोजायला. घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट मोजायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त भरला, तर पुन्हा एकदा मोजायचं. दुसऱ्यांदाही तेवढाच भरला आणि बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर आजार गंभीर.

पोट बघायचं ते डंभ्यासाठी. मी पाहिलेल्या बाळाच्या बेंबीभोवती वाटाण्याएवढे डाग होते, काहींवर खपली धरलेली, काही अजून ओले. तापवलेल्या विळ्याच्या टोकानं दिलेले ते चटके, म्हणजेच डंभा. बाळाचं पोट फुगलं, दूध ओढेनासं झालं, की घरातली नाहीतर गावातली जाणती म्हातारी हा उपाय करते. बाळ वाचावं म्हणूनच करते, हे विसरून चालणार नाही.

डॉक्टर सरकारी सेवेच्या बॉन्डवर आलेला, एमबीबीएस नुकतंच झालेला. दोनदा मोजून श्वास साठच्या बराच वर भरला. त्यानं आईला विचारलं, डंभा कोणी दिला? आईला कोरकूशिवाय दुसरी भाषा फारशी येत नव्हती. मध्ये दुभाषी म्हणून उभी असलेली आशाताई तिच्याकडे वळलीच नाही. ती डॉक्टरला हळूच म्हणाली, “साहेब, आत्ताच नाव नोका इचारू. थे बुडी बाहीरच बसली हाये. आता पोलीस म्हणसान त हे रातीच पळून जातीन.”

हा पहिला पेच. भाजलेलं मूल आलं तर एमएलसी म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण नोंदवून ठाण्याला कळवायचं, हे डॉक्टरला शिकवलेलं असतं. फेब्रुवारी 2025 मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या सिमोरीत 22 दिवसांच्या बाळाच्या पोटावर 65 चटके दिल्याचं उघड झालं, तेव्हा गुन्हाही दाखल झाला. बाळावर झालेला अत्याचार झाकायचा अधिकार डॉक्टरला नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. पण दवाखान्यात गेलं की पोलीस येतात, ही बातमी एकदा गावात पसरली, तर डंभा दिलेलं पुढचं बाळ दवाखान्यात येणारच नाही. आणि आशाताईला त्याच गावात राहायचं आहे, हे तर कुठल्याच कागदावर येत नाही.

दुसरा पेच त्याच मिनिटाला उभा राहिला. हे बाळ अमरावतीला न्यायला हवं. धारणीपासून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, त्यात सेमाडोहचा जंगलातला घाटरस्ता. बाळाचा बाप म्हणत होता, घरी नेतो. घरी कोंबडं-बकरं आहे, मागे दोन लेकरं आहेत, अमरावतीत ओळखीचं कोणी नाही, तिथे कोणाला यांची बोली समजत नाही. त्याच्या या कारणांतलं एकही खोटं नव्हतं. शिवाय निर्णय त्याचा, त्याच्या आईचा आणि बहुधा भूमकाचा, म्हणजे गावच्या मांत्रिकाचाही. बाळाला जन्म दिलेल्या बाईला कोणी विचारतच नव्हतं. संमती घ्यायची ती नेमकी कोणाची?

‘रेफर’ असा एक शब्द लिहून डॉक्टर सुटू शकतो. बाळ वाटेत दगावलं किंवा बापानं ते घरी नेलं, तरी कागद साफ राहतो. इथेच उपचार केले आणि बाळ गेलं, तर बालमृत्यूच्या चौकशीत पहिला प्रश्न येणार, रेफर का नाही केलं? त्यामुळे काही वेळा चिठ्ठी बाळासाठी लिहिली जाते, तर काही वेळा डॉक्टरच्या बचावासाठी. दोन्हींवरचं अक्षर सारखंच असतं.

खरं म्हणजे बाळावर जवळच उपचार करण्याच्या बाबतीत विज्ञान बरंच पुढे आलेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं. नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी खाली आलं आणि 1999 मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. बाईच्या हाती इंजेक्शन देणं नैतिक की अनैतिक, हा वाद तेव्हाही झाला. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलं की, मोठ्या रुग्णालयात नेणं शक्यच नसेल तर आजारी तान्ह्या बाळांना जवळच्या केंद्रात जेंटामायसिन आणि अमॉक्सिसिलिनवर ठेवता येतं. हे दुय्यम उपचार आहेत, हे जाणूनच ते द्यायचे, कारण दुसरा पर्याय म्हणजे काहीच न करणं.

मेळघाटातल्याच बैरागडच्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांच्यावर हा प्रसंग स्वतःच्या घरात आला होता. स्मिताताईंची प्रसूती गावातच झाली. बाळाला न्यूमोनिया, मेंदूज्वर आणि रक्तात जंतुसंसर्ग झाला. गावकरीच म्हणाले, बाळाला अकोल्याला न्या. रवींद्रांनी निर्णय बायकोवर सोडला. स्मिताताईंनी ठरवलं, कोरकूंच्या लेकरांवर जे उपचार होतात तेच माझ्या लेकरावर होतील. बाळ वाचलं, आणि गावाचा या दोघांवर जो विश्वास बसला तो कायमचा. 2019 मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. मी या निर्णयापुढे नतमस्तक आहे, तरी तो नियम होऊ नये असंच मला वाटतं. बाळानं तर संमती दिली नव्हती. अकोला गाठायची ऐपत असणाऱ्यानं अकोल्याला न जाणं, हा त्याग एका जोडप्याला शोभला. इतर कोणाकडून तो मागायचा हक्क सरकारला नाही आणि आपल्यालाही नाही.

त्या रात्री बॉन्डवरच्या त्या डॉक्टरनं एक क्रम लावला. आधी पहिलं इंजेक्शन आणि ऑक्सिजन. मग अमरावतीच्या एका ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञाला स्वतःच्या मोबाइलवरून फोन, तोही ओळखीच्या जोरावर. मग आशाताईला पुढे घालून म्हातारीशी बोलणं. डॉक्टरनं तिच्यावर आरोप केला नाही. बाळाचा श्वास किती जोरात चालला आहे ते तिच्या हाताला दाखवलं, तिचा तळवा बाळाच्या छातीवर ठेवून. बराच वेळ ती गप्प होती. मग तीच मुलाला कोरकूत काहीतरी बोलली आणि 108 च्या गाडीत सुनेशेजारी जाऊन बसली. चटक्यांची जागा, आकार, जुने किती, ताजे किती, हे सगळं केसपेपरवर चित्र काढून नोंदवलेलं होतं. गाडी निघाल्यावर ठाण्याला फोन गेला. त्यानं कळवायचं टाळलं नाही. फक्त ते बाळाच्या आधी येऊ दिलं नाही. माझ्या मते ते बरोबर होतं.

पण पंचविशीतल्या मुलानं हे सगळं एकट्यानं, आपल्या ओळखीपाळखीवर का निभवावं? धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात रात्रीसुद्धा कोरकू बोलणारी समुपदेशक हवी. फोनवर एक ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञ नेमलेला हवा, आणि त्याचा सल्ला त्याच्या नावानिशी केसपेपरवर लिहिला जावा. आणि बाळ दगावलंच, तर चौकशी समितीनं ‘रेफर का नाही केलं’ याआधी ‘त्या रात्री डॉक्टरच्या हाताशी काय होतं’ हे विचारावं. आरोग्य खात्यानं निदान एवढं या पावसाळ्याच्या आत करावं. न्यूमोनिया आणि हगवणीची बाळं तेव्हाच जास्त येतात, आणि नेमके तेव्हाच रस्तेही बंद पडतात.