सध्या काय वाचताय?

रस्त्यात कुणी ओळखीचे भेटले की आपण विचारतो, "काय, सध्या काय चाललंय?" या प्रश्नाला उत्तर नसले तरी अडत नाही. "चाललंय आपलं," एवढे म्हटले की दोघेही मोकळे! पण त्याच माणसाने "सध्या काय वाचताय?" असे विचारले, तर मात्र भल्याभल्यांची तारांबळ उडते. काही जण वेळ मिळत नसल्याची तक्रार करतात. काही जण कॉलेजात असताना वाचलेले पुस्तक काल रात्रीच मिटून ठेवल्यासारखे सांगतात. आणि काही जण न वाचलेल्या पुस्तकाचे नाव बेधडक ठोकून देतात. या तिसऱ्या वर्गाविषयी मी अधिकारवाणीने बोलू शकतो. कारण मी त्यातलाच. म्हणजे, होतो. ते कसे बदलले, त्याचीच ही हकीकत.

ठाण्याला नौपाड्यात आमची जुनी तीन मजली इमारत आहे. बिऱ्हाडे बारा. दिवाळी आली की प्रत्येक बिऱ्हाडाने एकेक दिवाळी अंक विकत घ्यायचा आणि बाराही अंक सर्वांनी आळीपाळीने वाचायचे, ही आमच्याकडची जुनी चाल. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून ही प्रथा मराठीत पाडली. अंक एकाने घ्यावा आणि दहा जणांनी वाचावा, ही सोय मात्र आपली आपणच शोधून काढली असावी! आमच्याकडे अंकाच्या मुखपृष्ठाच्या आत एक कोरा कागद चिकटवलेला असे. त्यावर नाव आणि अंक मिळाल्याची तारीख लिहायची, म्हणजे अंक कुणाकडे अडकला ते कळते. एका वर्षी कुणी तरी नावापुढे लिहिले, "पान ८४ वरची कथा चुकवू नका." त्याखाली दुसऱ्याने लिहिले, "चुकवली तरी चालेल." तिसऱ्याने लिहिले, "या विषयावर एकदा बसून बोलू."

आणि खरेच बसलो. चार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हापासून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजता, एकेका घरी आमची बैठक भरते. नियम तीनच. नुकतेच जे वाचले असेल त्याविषयी दहा मिनिटे बोलायचे. यजमानाने चहाबरोबर एकच पदार्थ करायचा. आणि आणलेले पुस्तक कुणी मागितले तर नाही म्हणायचे नाही. दुसरा नियम दर महिन्याला मोडतो. बाकीचे दोन टिकून आहेत.

झाशीपासून फुरसुंगीपर्यंत

या बैठकीत काय काय निघाले म्हणून सांगू! तळमजल्यावर एक निवृत्त स्टेशनमास्तर राहतात. त्यांनी गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' आणला होता. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे. घरावरचे कर्ज फेडायला चार पैसे दक्षिणा मिळेल, म्हणून १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या ऐन धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा भटजी झाशीतच होते. मिळालेले द्रव्य वाटेत लुटले गेले. शेवटी आईवडिलांसाठी गंगेच्या पाण्याची कावड तेवढी घेऊन ते घरी परतले. पुढे कितीतरी वर्षांनी त्यांनी हे सारे लिहून काढले आणि १९०७ साली भारताचार्य वैद्यांनी ते छापले. "आयुष्यभर मी लोकांना गाड्यांत चढवलं आणि उतरवलं," स्टेशनमास्तर म्हणाले, "पण खरा प्रवास कशाला म्हणतात, ते या माणसानं सांगितलं." त्यांची दहा मिनिटे पस्तीस झाली, तरी कुणी घड्याळ दाखवले नाही.

पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई 'स्मृतिचित्रे' घेऊन आल्या. लक्ष्मीबाई टिळकांना शाळेचे शिक्षण जवळपास नव्हतेच. पतीने १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा घर मोडले, माणसे दुरावली. पण त्या दुःखाविषयीही बाई स्वतःला हसत हसत सांगतात. "माझ्या वर्गातल्या मुलांना मी निबंध कसा लिहावा ते शिकवते," शिक्षिकाबाई म्हणाल्या. "पण हे पुस्तक वाचल्यावर वाटलं, की मी त्यांना निबंध कसा लिहू नये तेच शिकवत आले."

आणि आमच्यातली सर्वांत धाकटी सभासद वय वर्षे अकरा. तिने भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' आणला. फुरसुंगीच्या बनेश फेणेचे पराक्रम तिने असे रंगवून सांगितले की, तिच्या आजोबांनाही आपल्या सायकलची आठवण झाली. गोष्ट ऐन रंगात आली असताना ती एकदम थांबली. "पुढं काय झालं?" सगळ्यांनी विचारले. ती म्हणाली, "पुढचं मी अजून वाचलेलं नाही."

केवढे साधे वाक्य! पण ते ऐकताना मी उगाचच चहाच्या कपात पाहिले. कारण त्यानंतर पाळी माझी होती.

माझी दहा मिनिटे

त्या महिन्यात मी काहीच वाचले नव्हते. वर्तमानपत्र आणि वीजबिल सोडले तर छापील अक्षराशी माझा संबंध आला नव्हता. पण बँकेत अधिकारी म्हणून तेहतीस वर्षे काढलेली. सभेत रिकाम्या हाताने उभे राहायची लाज वाटली. तेव्हा मनात येईल ते भारदस्त नाव घेतले. म्हटले, "मी सध्या इरावती कर्व्यांचं 'युगान्त' पुन्हा वाचतोय."

त्यातला 'पुन्हा' हा शब्द विशेष लक्षात घ्या!

मग मी सुरू झालो. महाभारत हा विषय असा आहे की, त्यावर कुणालाही दहा मिनिटे बोलता येते. द्रौपदीचा अपमान झाला, कर्णावर अन्याय झाला, कृष्णाची नीती अगाध. सारे सांगून झाले. कर्णाविषयी तर मी फारच रंगलो. आणि शेवटी म्हणालो, "एवढी मोठी कादंबरी, पण शेवटपर्यंत खाली ठेववत नाही."

खोलीत कुणीच काही बोलले नाही. मला वाटले, माझ्या वक्तृत्वाचाच हा परिणाम!

दुसऱ्या मजल्यावर एक वहिनी राहतात. सत्तरीच्या जवळ आलेल्या. जुन्या अकरावीपर्यंत शिकलेल्या. यजमान आठ-नऊ वर्षांपूर्वी गेले. दोन्ही मुले परदेशी. बैठकीला त्या नेमाने यायच्या, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायच्या, बशा गोळा करायला मदत करायच्या आणि निघून जायच्या. त्यांची पाळी आली की म्हणायच्या, "मी आपली ऐकायला येते." आम्हीही कधी आग्रह केला नव्हता. त्या दिवशी त्या पहिल्यांदाच बोलल्या.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "युगान्त नावाचं नाटकही आहे, नाही का? एलकुंचवारांचं. 'वाडा चिरेबंदी'च्या पुढचं, तिसरं. नावं सारखी असली की माणसाचा घोटाळा होतो."

म्हणून त्यांनी विषय बदलला आणि पोह्यांची बशी पुढे केली.

घरी आल्यावर मी ते प्रकरण शोधून पाहिले, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. 'युगान्त' ही कादंबरी नाहीच. तो लेखसंग्रह आहे. १९६७ साली प्रसिद्ध झाला. १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. मी जी कादंबरी बोललो ती शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय'. तीही नेमकी १९६७ चीच. ती मी कॉलेजात असताना वाचली होती. एका पुस्तकाच्या पाटीखाली मी दुसऱ्याच पुस्तकाचा माल विकला होता! ते त्या खोलीत निदान एका माणसाला कळले होते. आणि त्या माणसाने मला उघडे पाडायच्या ऐवजी पळून जायला दार उघडून दिले होते.

समासातल्या तारखा

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी स्वतःच आल्या. हातात वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले पुस्तक. "तुम्ही पुन्हा वाचताय म्हणालात," त्या म्हणाल्या, "तुमची प्रत असेलच. पण ही राहू द्या जवळ." चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

मी ते पुस्तक चार रात्री वाचले. बाईंचा विचार असा : महाभारतातली माणसे ही माणसे म्हणून पाहावीत. पूजेतल्या मूर्ती म्हणून नव्हे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. मागाहून घुसलेला मजकूर बाजूला काढला. त्या आवृत्तीचा आधार घेऊन मानववंशशास्त्राच्या या अभ्यासिकेने एकेका व्यक्तीला समोर बसवून प्रश्न विचारले आहेत. भीष्माला विचारले आहे की, बाबा, तुझ्या त्यागाचा उपयोग शेवटी कुणाला झाला? ज्या बायकांची लग्ने तू लावलीस, त्यांचे काय झाले? लहानपणापासून ज्याच्यापुढे हात जोडले त्या पितामहाकडे असे पाहायला धीर लागतो. वाचताना मी दोनदा पुस्तक मिटले आणि दोनदा उघडले.

पण मला खरे सांगायचे आहे ते त्या प्रतीविषयी. पहिल्या पानावर कोपऱ्यात तीन तारखा होत्या. एक १९७८ ची, दुसरी १९९६ ची, तिसरी २०१७ ची. पहिल्या खेपेच्या खुणा शिसपेन्सिलीच्या, दुसऱ्या निळ्या शाईच्या, तिसऱ्या पुन्हा पेन्सिलीच्या, पण हात कापरा. पहिल्या खुणा बहुतेक साऱ्या द्रौपदीच्या लेखात होत्या. निळ्या शाईने भीष्माच्या लेखात समास भरून टाकला होता; एके ठिकाणी नुसतेच "अगदी!" असे लिहिले होते. तिसऱ्या वेळच्या खुणा गांधारीपाशी. तिथे एकही शब्द लिहिलेला नव्हता. फक्त रेघा होत्या.

पुस्तक परत करायला मी गेलो. म्हटले, "वहिनी, मी हे पहिल्यांदाच वाचलं."

"ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आणून दिलं."

मग मी विचारले, एवढे वाचता, तर बैठकीत कधी बोलत का नाही? त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हापासून वाचतेय, भाऊजी. वाचनालयाची वर्गणी मी भाजीच्या पैशांतून भरायची. आमच्याकडे कुणी कधी अडवलं नाही हो. पण काय वाचतेस, असंही कुणी कधी विचारलं नाही. त्यामुळं बोलायची सवयच राहिली नाही. समासात लिहायची, एवढंच."

मी काय उत्तर देणार? मी तर त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर एकोणीस वर्षे राहत होतो. त्या एकोणीस वर्षांत पाण्याची टाकी, लिफ्ट, पार्किंग या सर्व विषयांवर आमचे बोलणे झाले होते.

पुढच्या रविवारी

पुढच्या बैठकीत मी सर्वांसमोर कबुली दिली. वाटले होते, हसतील. हसले नाहीत, पण झाले ते निराळेच. स्टेशनमास्तर खाकरले आणि म्हणाले, "मी 'कोसला' तीनदा सुरू केलंय. तिन्ही वेळा साठाव्या पानाच्या आसपास गाडी थांबते." शिक्षिकाबाईंनी सांगितले की, 'ऋतुचक्र' त्यांनी एका भाषणासाठी चाळले होते, वाचले नव्हते. मग ज्याने त्याने आपापली उधारी मांडली. अकरा वर्षांची सभासद हे सारे डोळे मोठे करून ऐकत होती. तिला बहुधा मोठ्या माणसांविषयी बरेच नवे कळले असावे.

त्यानंतर वहिनींना विचारले, "तुम्ही सध्या काय वाचताय?" सगळे थांबले. या वेळी "मी आपली ऐकायला येते" हे वाक्य आले नाही. त्या पुस्तक न उघडता बोलल्या. गांधारीविषयी. कुणाला डोळ्यांवर पट्टी बांधावी लागते आणि कुणी ती आपणहून बांधून घेतो, आणि बांधलेली पट्टी पुढे सोडायची म्हटली तरी बोटांना गाठ सापडत नाही, असे काहीसे त्या म्हणाल्या. किती मिनिटे बोलल्या, ते कुणी मोजले नाही. संपल्यावर स्टेशनमास्तरांनी पुस्तक मागून घेतले. समासातल्या खुणांसकट.

त्या दिवसापासून आमच्या बैठकीला चौथा नियम आहे : न वाचलेले पुस्तक न वाचलेले म्हणून सांगायला हरकत नाही. हा नियम आल्यापासून बोलणे कमी झाले नाही, वाढले. कारण "मला हे कळले नाही" असे कुणी म्हणाले, की दुसऱ्याला समजावून सांगावेसे वाटते, आणि समजावताना कळते की आपल्यालाही ते पुरते कळलेले नव्हते.

आपल्याकडे वाचनालयांची परंपरा मोठी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे. आमच्या ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. पुस्तके घरोघर पोचावीत म्हणून कितीतरी माणसांनी आयुष्ये वेचली. पण पुस्तक घरात पोचल्यावर ते कुणी वाचले, वाचून त्याला काय वाटले, हे विचारायचे काम कुठल्याही संग्रहालयाला करता येत नाही. ते घरातल्या माणसाचे आणि शेजाऱ्याचे काम.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत फराळाची ताटे घेऊन इकडून तिकडे जाल, तेव्हा चकलीचे भाजणीचे प्रमाण जरूर विचारा. पण त्याबरोबर हाही एक प्रश्न विचारून पाहा. स्वयंपाकघराच्या दाराशी जी व्यक्ती उभी असेल, तिला आधी विचारा. आणि उलट तुम्हालाच कुणी विचारले, तर हाती धरलेला हा अंक दाखवा. अर्धाच वाचून झाला असेल, तर अर्धाच झाला म्हणून सांगा.