भूमिपरीक्षा : लेखांक चौथा
काळ्या मातीचा जबाब

कचऱ्याच्या ढिगाच्या पोटात कोणते रासायनिक व्यापार चालतात ते मागील लेखांकात पाहिले. आता ढीग हलला, वरची जमीन सपाट झाली आणि फाटकाला कुलूप पडले, म्हणजे तळची माती निर्दोष ठरली काय, या प्रश्नाकडे वळू. लातूरचा कचरा वरवंटीस आणि नांदेडचा तुप्पा येथे वर्षानुवर्षे साचत आला. तेव्हा हा प्रश्न आपल्या मुलखाला परका नाही.

परीक्षणाचा आरंभ प्रयोगशाळेत नव्हे, महसुली दप्तरात व्हावा. जुने गावनकाशे, पहाणीपत्रके आणि पारावर बसणाऱ्या वृद्धांची स्मरणे यांवरून पूर्वीची खदान कोठे होती, नाला कोणत्या अंगाने वाहत असे, निकामी बॅटऱ्या आणि दवाखान्यांचा कचरा कोणत्या कोपऱ्यात पडे, याचा उलगडा झाल्याशिवाय घेतलेला नमुना आंधळ्याने टाकलेल्या खड्यासारखा असतो.

त्यानंतर मातीचा स्वभाव पाहावा. चिकणमातीतून पाणी सहसा झिरपत नाही, हे पुस्तकातील वचन आपल्या काळ्या रानाला भाद्रपदात लागू पडते, वैशाखात नाही. कारण उन्हाने आकसलेल्या या जमिनीला हात हात खोल भेगा पडतात, आणि माती फुगून त्या बुजण्याच्या आत मृगाचा पहिला पाऊस ढिगातील काळसर निचरा सोबत घेऊन थेट मुरुमात आणि त्याखालच्या काळ्या पाषाणाच्या फटींत उतरतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी नव्या भरावभूमीच्या तळाशी ९० सेंटिमीटर चिकणमातीच्या थरावर १.५ मिलिमीटर जाडीचे प्लास्टिकचे अस्तर सक्तीचे केले. जुन्या उघड्या डेपोंच्या तळाशी मात्र असे अस्तर सहसा नसते. म्हणून भेगेच्या कडेची माती आणि ढेकळाच्या गाभ्यातील माती हे दोन नमुने वेगळे ठेवावेत. एकत्र कालवले की विषाची वाट पुसून जाते. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे विंधनविहिरीकडे जाणारी ही वाट क्षुल्लक मानता येणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. आपली माती ज्या अग्निजन्य खडकापासून झाली, त्यात तांबे, निकेल, क्रोमियम ही द्रव्ये निसर्गतःच पुष्कळ असतात. परदेशी तक्त्यातील मर्यादा हाती घेऊन बसले, तर निष्पाप शेतही दोषी ठरेल, आणि उलट ‘येथील माती अशीच’ म्हणून खरे प्रदूषणही पोटात घालता येईल. यास्तव चढाच्या बाजूच्या, त्याच प्रतीच्या आणि कचरा कधीही न पडलेल्या रानातील माती तुलनेस घेणे अपरिहार्य होय. शिसे मात्र चुनखडीच्या जमिनीत बरेचसे जखडून राहते. पण ढीग कुजण्याच्या आरंभी निपजणारी आम्ले ते बंध सैल करतात. तेव्हा एकूण शिसे किती आणि पाण्यात विरघळणारे किती, ही दोन्ही मोजमापे हवीत.

जुना ढीग चाळून निघणारी बारीक माती मूठभर हातात घेऊन पाहावी: रंगाने गावखताशी तिची गल्लत व्हावी इतकी ती काळी, परंतु बोटांना लागते ती बांगडीची काच, प्लास्टिकची चिरगुटे, गंजलेली चकती. खताला आसुसलेल्या शेतकऱ्याने ती मागावी हे स्वाभाविक. धातूंची तपासणी झाल्यावाचून ती त्याच्या रानात जाऊ देणे हा मात्र मी अन्याय मानतो.

२०१६ च्या नियमांनी बंद भरावभूमीची देखरेख किमान १५ वर्षांची ठरविली. एवढ्या अवधीत अधिकारी बदलतात, फायली हलतात. अमेरिकेतील लव्ह कॅनॉल येथे १९५३ साली विषारी भरावाची जमीन विकताना खरेदीखतात इशारा लिहिला होता. तरी तेथे शाळा उभी राहिली, घरे वसली, आणि १९७८ मध्ये कुटुंबांना ती सोडावी लागली. इशारा खरेदीखताच्या घडीत राहिला, तर नव्या रहिवाशाच्या तो दृष्टीस पडेलच असे नाही. आपल्याकडे सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात ‘पूर्वीचा कचरा डेपो’ अशी नोंद, आणि नमुन्यांच्या जागा दाखविणारा नकाशा तलाठ्याच्या दप्तरी, एवढी तजवीज डेपोला कुलूप पडते त्याच दिवशी व्हावी.

पुढील लेखांक : उताराखालच्या विहिरी.